सहा तत्त्वे आणि एक विहीर

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जळगावच्या आमच्या संपादकांना पर्यावरणाचा विषय सुचला. दिल्लीच्या मोठ्या न्यायालयाचे त्या विषयावरचे निकाल तेव्हा लागोपाठ येत होते आणि पुण्या-मुंबईची दैनिके त्यावर अग्रलेख लिहीत होती. आपल्याकडे काहीच नाही, हे बरे दिसत नव्हते. संपादकांनी धुळ्याच्या कार्यालयात फोन करून सांगितले, "रविवारच्या पुरवणीत सहा भाग द्या. पर्यावरण कायद्याची मूलतत्त्वे. सोपे लिहा. शेतकऱ्याला कळले पाहिजे."

शेतकऱ्याला कळले तर पुढे काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही.

धुळ्याचे कार्यालय म्हणजे वह्या-पुस्तकांच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबले, एक फोन आणि मी. बातम्यांचे पाकीट रोज दुपारी जळगावच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे, तिकडून शिपाई ते स्टँडवर उतरवून घ्यायचा. कायद्याशी माझा संबंध कोर्टाच्या बातम्यांपुरता होता. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक पातळ इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यातली सहा प्रकरणे सहा रविवारी मराठीत उतरवली. ज्याने घाण केली त्याने निस्तरण्याचा खर्च सोसावा. हानीचा पक्का पुरावा नसला तरी खबरदारी घ्यावी. आपण निर्धोक आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे धंदा करणाऱ्यावर असावे. नदी, हवा, पाणी ही लोकांची मालमत्ता. सरकार फक्त विश्वस्त. उरलेल्या दोन भागांत पुढच्या पिढ्यांचा वाटा आणि लोकांचा माहितीचा हक्क. लिहिताना त्यात कुठेही अडचण आली नाही.

पाचवा भाग छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी जिना चढून वर आला. डोक्यावर टोपी, हातात बियाण्याची रिकामी प्लास्टिकची पिशवी. पिशवीत लेखमालेचे पाचही भाग, कात्रीने नीट कापलेले. तो शिंदखेड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरून आला होता. तिथे त्याला सगळे नाना म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

"भाऊ, हाई तुम्हीच लिखेल शे ना?" त्यांनी पहिले कात्रण टेबलावर ठेवले.

"हो."

"मंग हाई खरं शे?"

"कायद्यात आहे, म्हणजे खरेच."

"जो घाण करी, तोच निस्तरी?"

"तत्त्व तसे आहे."

नानांनी कात्रण परत पिशवीत ठेवले. "तत्त्व नको माले. मनी विहीर शे."

विहीर त्यांच्या शेताच्या कडेला, नाल्यापासून वीस पावलांवर होती. वस्तीवरची पंचवीस घरे तिचेच पाणी पीत आली होती. चार वर्षांपूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवण्याचा कारखाना सुरू झाला. त्याचे पाणी नाल्यात आणि नाल्याचे पाणी झिरपून विहिरीत. शनिवारी लाल सूत निघे, दोन दिवसांनी, सोमवारी, विहिरीत लाल झाक येई. बुधवारी निळी. गेली दोन वर्षे बायका शेजारच्या गावच्या शाळेतल्या हापशावरून पाणी आणत होत्या. जाऊन-येऊन तीन मैल. नानांनी तहसील, पंचायत समिती आणि कलेक्टर कचेरीत अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाला उत्तर आले होते, आणि प्रत्येक उत्तरात अर्ज पुढे पाठवल्याचे कळवले होते.

नानांचे मागणे एकच होते. विहिरीचे पाणी पुन्हा प्यायला यावे. त्यासाठी कारखान्याचे पाणी थांबायला हवे आणि ते थांबण्यासाठी विहीर बिघडली आहे, असे आधी सरकारने लिहून द्यायला हवे. चार वर्षांत ते कोणी लिहून दिले नव्हते.

"तुम्ही लिखेल शे, पाणी लोकस्नं शे. सरकार निस्तं राखनदार," नाना म्हणाले. "मंग मालकले चार वरीस दाराबाहेर कसाले उभं ठेवतस?"

या प्रश्नाचे उत्तर पातळ पुस्तकात नव्हते. मी प्रदूषणाच्या खात्याच्या नावाने त्यांना एक अर्ज लिहून दिला. त्या अर्जात, नानांच्या आग्रहाखातर, भाग क्रमांक एक व तीन यांतली वाक्ये जशीच्या तशी घातली. खात्याचे जवळचे कार्यालय नाशिकला होते. महिन्याभराने तिथून पत्र आले. अमुक तारखेला क्षेत्र अधिकारी जागेवर येऊन विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतील.

नाना ते पत्र घेऊन थेट माझ्याकडे आले. "भाऊ, छापा."

मी छापले. आतल्या पानावर, दोन स्तंभ, तारखेसह. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी येणार होते. बातमी होती हे निर्विवाद. ती ज्या दिवशी आली त्याच दिवशी दुपारी कारखान्याच्या मालकांचा फोन आला. अतिशय सभ्य गृहस्थ. म्हणाले, "लेखमाला उत्तम चालली होती. मी सगळे भाग कापून ठेवलेत. आणि आजची बातमीही वेळेवर दिलीत, आभारी आहे." पाहणीच्या तारखेला धरून तीन दिवस कारखाना देखभालीसाठी बंद राहिला.

पण खरे काम कारखान्याने केले नाही. ते वस्तीने केले.

पाहणीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने पोचलो. नाल्याच्या बाजूने वर आलो तेव्हा विहीर ओळखू येईना. कठड्याला चुना लावलेला, त्यावर गेरूचा पट्टा. रहाटाला आंब्याच्या पानांचे तोरण. भोवतीची जागा शेणाने सारवून वर रांगोळी. आत डोकावलो. तळ दिसत होता. स्वच्छ पाणी, आणि त्याला सार्वजनिक नळाला पावसाळ्यात येतो तसा ब्लीचिंग पावडरचा उग्र वास.

सरपंच टोपी सावरत पुढे आले. "दोन मोटरी लावी कालदिन बठ्ठी विहीर उपशी टाकी. गाळ काढा. भिंती काथ्याघाई घासल्यात. मंग पावडर टाकी. पंचायतना बठ्ठा डबा!"

"कोणी सांगितले?"

"सांगाले कसाले लागस?" सरपंचांना प्रश्नच कळला नाही. "साहेब येवाव शेत."

मी नानांकडे पाहिले. त्यांच्या हातावर चुन्याचे डाग होते. आदल्या दिवशी तेही विहिरीत उतरले होते.

"नाना, ते घाण पाणी बघायला येत आहेत."

"ते माले ठावूक शे," नाना म्हणाले. "पन साहेबले घाण विहीर दखाडानी का? लोक काय म्हनतीन?"

मग त्यांच्या लक्षात आले. आपण काय केले हे कळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते दिसले, पण तेवढ्यात जीप आली आणि सगळे तिकडे धावले.

अधिकारी चाळिशीचे, शांत. हार त्यांनी हातात घेतला, गळ्यात घातला नाही. पद्धत काटेकोर होती. नमुना सर्वांसमोर काढला. दोन बाटल्या भरल्या, दोन्हींना लाखेचे सील, त्यावर चिठ्ठी. पंचनामा लिहिला. त्यावर पंच म्हणून सरपंच आणि विहीरमालक म्हणून नानांची सही घेतली. नाना काहीतरी बोलणार होते. अधिकाऱ्यांनी विचारले, "काही सांगायचे आहे?"

"पाणी... कालदिन असं नव्हतं, साहेब."

"मला आजचे पाणी लिहायचे आहे," अधिकारी म्हणाले. निघताना विहिरीकडे पाहून सरपंचांना म्हणाले, "ठेवली चांगली आहे." सरपंच दोन दिवस ते वाक्य सांगत होते.

अहवाल दीड महिन्याने आला. रंग नाही. वास क्लोरीनचा. तपासलेले सर्व घटक मर्यादेत, अपवाद एक. क्लोरीनचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले असून त्याचा स्रोत ग्रामपंचायत असल्याचे दिसते, सबब ग्रामपंचायतीने यापुढे दक्षता घ्यावी. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी: कारखाना.

नाना अहवाल घेऊन आले. जिना चढून आल्यावर त्यांनी तो टेबलावर उलगडून ठेवला. मी चहा मागवला.

"म्हंजे," ते म्हणाले, "घाण आम्ही करी?"

"कागदाप्रमाणे, हो."

"मंग निस्तरानं बी आम्हीच?"

"तत्त्व तेच लागू होते."

नाना हसले. कपातला चहा बशीत सांडेपर्यंत हसले. मग म्हणाले, "सरपंचले सांगू नका. तो पुन्हा विहीर धवी टाकी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या समजुतीने दुरुस्ती केली. लाल पाण्याच्या दिवशी त्यांनी विहिरीतून एक बाटली भरली, बूच घट्ट लावले, वर मेणबत्तीचे मेण ओतले आणि ती पिशवीत घालून धुळ्याला आले. मी त्यांच्याबरोबर नाशिकला गेलो. अधिकाऱ्यांनी बाटली उजेडात धरली. पाणी पातळ सरबतासारखे दिसत होते.

"हे चालत नाही," ते म्हणाले. "हा नमुना कोणी घेतला?"

"मी."

"कोणासमोर?"

"मनासमोर."

अधिकाऱ्यांनी बाटली परत दिली. पहिल्या तक्रारीला कारखान्याने दिलेला खुलासाही त्यांनी फाइलमधून काढून दाखवला. विहिरीच्या पाण्यास कधी रंग येत असल्यास तो जमिनीतील नैसर्गिक खनिजांमुळे असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे त्यात होते. धंदा करणाऱ्यावर पुराव्याचे ओझे टाकण्याबद्दल मी तिसऱ्या भागात आठशे शब्द लिहिले होते. ते ओझे कारखान्याने एका वाक्यात उतरवून ठेवले होते.

"साहेब," नाना म्हणाले, "सोमवारे लाल आनि बुधवारे निळी, अशी कोनती माटी शे? माले बी सांगा. मी बी आनसू दोन गाड्या."

अधिकाऱ्यांना हसू आवरले नाही. त्यांनी फाइल मिटली. "मी येईन," ते म्हणाले. "केव्हा, ते सांगणार नाही." मग माझ्याकडे वळून, त्याच शांत आवाजात, "आणि तुम्ही छापणार नाही."

दोन महिने कोणी आले नाही. नाना दर बाजाराला धुळ्याला येऊन जिन्याखालूनच विचारत, "काही?" मी वरून हात हलवून नाही म्हणे.

पुढचे मी पाहिलेले नाही. अधिकाऱ्यांनी सांगितले ते आणि नानांच्या पत्नीने, अक्कांनी, सांगितले ते, असे दोन वृत्तान्त माझ्याकडे आहेत. ते मुद्द्यांत जुळतात.

अधिकारी एसटीने आले. साधा शर्ट, खांद्याला पिशवी. नाना शिंदखेड्याच्या बाजारात होते. अक्का कपाशीत होत्या. विहिरीवर कोणी परका बादली सोडतो आहे असे दिसताच त्या बांधावरून ओरडत आल्या आणि त्यांनी दोर धरला.

"ओ भाऊ! ते पाणी पेवानं नही!"

"प्यायचे नाही, बाई. बाटलीत भरायचे आहे."

"बाटलीत भरशात, घर लई जाशात, पोरेंस्ले पाजशात. नको."

"मी सरकारचा माणूस आहे."

अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "सरकारना माणूस जीपमा येस."

त्यांनी ओळखपत्र काढले. अक्कांना वाचता येत नव्हते. त्यांनी दोर सोडला नाही. एका हाताने दोर धरून त्यांनी सुनेला हाक मारली आणि घरातून हापशाच्या पाण्याचा तांब्या आणवला. "हाई पेवा. हाई भरी ल्या बाटलीमा. चांगलं शे, तीन मैल चालीसन आनेल शे."

अधिकारी ते पाणी प्यायले. मग शेजारच्या गावच्या शाळेतून मास्तरांना बोलावून घेतले. मास्तरांनी ओळखपत्र वाचून अक्कांना खात्री दिली, तेव्हा दोर सुटला. त्या दिवशी पाणी निळे होते. बाटल्या दोन, सील दोन, मास्तर पंच. पंचनाम्यात अधिकाऱ्यांनी एक ओळ जास्त लिहिली. विहीरमालकाच्या पत्नीने सदर पाणी घेण्यास अटकाव केला. कारण विचारता, हे पाणी आम्ही जनावरांनाही देत नाही, परक्या माणसाला कसे देऊ, असे सांगितले.

खबरदारीचे तत्त्व समजावण्यासाठी मला अर्धे पान लागले होते. अक्कांनी तो भाग वाचलेला नव्हता.

या खेपेस अहवाल लवकर आला आणि त्यात शंकेला जागा नव्हती. पाठोपाठ आदेश आला. पाच परिच्छेदांचा. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करण्याची टाकी बांधावी, मुदत सहा महिने. तोवर नाल्यात पाणी सोडू नये. वस्तीला टँकरने पाणी पुरवावे. विहिरीच्या दुरुस्तीचा खर्च कारखान्याकडून घेण्याबाबत स्वतंत्रपणे विचार करावा. आणि पाचवा परिच्छेद: सदर विहीर पिण्यास अयोग्य असल्याचा फलक ग्रामपंचायतीने तातडीने लावावा.

पाचांपैकी सगळ्यात आधी पाचव्याची अंमलबजावणी झाली. त्याला फक्त पेंटर लागत होता.

फलक लागणार असल्याचे नानांनी फोन करून कळवले. मी छायाचित्रकाराला घेऊन गेलो. शिंदखेड्याचा पेंटर विहिरीशेजारी पत्रा आडवा ठेवून बसला होता. पत्र्यावर दिलेली लाल रंगाची जमीन वाळली होती. पंचायतीने दिलेला कागद त्याने दगडाखाली ठेवला होता. गावाचे नाव, गट क्रमांक, विहीरमालकाचे संपूर्ण नाव, आणि खाली, या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य आहे, आदेशावरून. पांढऱ्या रंगात त्याने खडूच्या रेघांवर अक्षरे आखायला सुरुवात केली होती.

वस्तीवरची माणसे भोवती उभी होती. सरपंच या खेपेस मागे होते. नानांनी कागद उचलला, वाचला, उलटा करून पाठीमागेही पाहिले.

"कारखानानं नाव कथं शे?"

"कागदवर नही, नाना," पेंटर म्हणाला.

"घाण कोनी करी, ते लिखनं पडी ना?"

"माले जे दिधं ते मी लिखस."

"गाव लिखं. गट लिखा. मनं नाव, बापनं नाव, आडनाव. रस्तावरनं माणूस वाची का, ह्या माणूसनी विहीर बिघाडी टाकी!"

मागून कोणीतरी म्हणाले, "नाना, एवढा मोठा अक्षरमा तुमनं नाव निवडणूकमा बी नव्हतं." माणसे हसली. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्हीच सांगा."

मी सांगितले ते बरोबर होते. कारखान्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात आहे. फलक पाचव्या परिच्छेदानुसार आहे. पाचव्यात कारखान्याचा उल्लेख नाही. फलक लावू दिला नाही तर आदेशाचा भंग नानांकडून होईल, आणि मग पहिल्या परिच्छेदासाठी भांडताना कारखाना तेच पुढे करील.

नाना विहिरीच्या कठड्यावर बसले. गेल्या खेपेचा चुना उडून गेला होता. अक्का पदर खोचून पलीकडे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिखू द्या. निदान कोनी पेवाव नही."

थोड्या वेळाने नाना उठले, पेंटरजवळ गेले आणि पत्र्यावर मध्यभागी बोटाने आडवी रेघ दाखवली.

"बठ्ठं ह्यानावर लिख. खाले जागा ठेव."

"कसानी जागा?"

"पाणी चांगलं व्हई, ते लिखाले."

"त्यानासाठी नवा आदेश लागी, नाना. नवा नमुना, नवा पंचनामा."

"लागू दे. आदेश येवाले वरीस लागी का दोन लागी. पत्रा तं आतेच शे ना? जागा ठेव."

पेंटरने सरपंचांकडे पाहिले. सरपंचांनी मान हलवली. पेंटरने चिंधीने खडू पुसला आणि निम्म्या उंचीत पुन्हा रेघा आखल्या. अक्षरे बारीक करावी लागली. गाव, गट, नाव, अयोग्य, आदेश, सगळे वरच्या अर्ध्यात बसले. खालचा अर्धा लाल पत्रा कोरा राहिला. दुपारी फलक खांबावर चढवला. नाना त्याच्या बाजूला उभे राहिले आणि छायाचित्रकाराला म्हणाले, "पुरा घेजो. खालपावत."

त्याने पूर्ण घेतले. मी चित्र, चित्राखालच्या ओळी आणि बातमी पाकिटात घालून संध्याकाळच्या गाडीने पाठवली.

तिसऱ्या दिवशी ते छापून आले, जिल्ह्याच्या पानावर, एका स्तंभात. पानावर जागा कमी होती. जळगावच्या उपसंपादकाने चित्र अक्षरांच्या शेवटच्या ओळीखाली कापले होते. मी फोन करून विचारले तेव्हा त्याने पान पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "खाली काही नव्हतेच."